चेन्नईच्या सभा : सकाळचे पोंगल आणि भर दुपारचे गाणे

चेन्नई शहरात दरवर्षी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पूर्वार्धापर्यंत कर्नाटक संगीत आणि नृत्याचा जो हंगाम भरतो, त्याची ख्याती आता देशाच्या सीमा ओलांडून गेली आहे. युनेस्कोने २०१७ मध्ये संगीताच्या क्षेत्रातील ‘सर्जनशील शहर’ म्हणून चेन्नईला मान्यता दिली, त्यामागेही या हंगामाचा मोठा वाटा होता. हजाराहून अधिक कार्यक्रम, डझनावारी सभागृहे आणि परदेशांतून खास या दिवसांसाठी येणारे रसिक, असे त्याचे स्वरूप आहे.

या हंगामाविषयी महाराष्ट्रात जे वाचावयास मिळते ते बहुधा सायंकाळच्या मैफलींविषयी आणि नामवंत गायकांविषयी असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान, पण या शहराच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. सभागृहाच्या आवारातील कँटीनमध्ये सकाळपासून न्याहारीसाठी व भोजनासाठी जमणारे रसिक, आणि त्याच आवारात भर दुपारी विनामूल्य मैफल सादर करणारे स्थानिक तरुण कलावंत, यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

धुंधुरमास आणि मार्गळी

तमिळ पंचांग सौर असल्याने तेथील ‘मार्गळी’ हा महिना आपल्या चांद्र मार्गशीर्षाशी तंतोतंत जुळत नाही. सूर्य धनू राशीत असतो तो हा काळ, म्हणजे साधारणतः १६ डिसेंबर ते १३ जानेवारी. मराठी घरांत यालाच धनुर्मास किंवा धुंधुरमास म्हणतात. सूर्योदयाच्या वेळी मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत, लेकुरवाळी भाजी असा बेत करून आप्तेष्टांसह जेवण्याची पद्धत जुन्या पिढीला चांगली ठाऊक आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे प्रखर झालेली भूक आणि सकाळच्या उन्हातली पंगत, असा तो योग होता.

तमिळनाडूत याच महिन्यात पहाटे देवालयांत आंडाळच्या तिरुप्पावैचे पठण होते आणि त्यानंतर प्रसाद म्हणून वेण पोंगल दिले जाते. तांदूळ आणि मुगाची डाळ मऊ शिजवून त्यात मिरी, जिरे, आले आणि सढळ हाताने तूप घातले की पोंगल होते. धुंधुरमासाच्या खिचडीचे ते सख्खे भावंड आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की मैलापूरसारख्या वस्तीत या पहाटेच्या अन्नाबरोबर गाणेही रस्त्यावर आले. कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चार माड वीथींमधून, म्हणजे रथमार्गांवरून, भजन गात फेरी घालण्याची प्रथा तेथे आहे. संगीतरचनाकार पापनाशम शिवन् (१८९० ते १९७३) यांनी कित्येक वर्षे या फेरीचे नेतृत्व केले. पुढे स्वतंत्र मैफली करू लागलेल्या अनेकांनी लहानपणी अशाच भजनफेऱ्यांत आवाज मोकळा केला. पहाटे गाणे, मग पोंगल आणि मग दिवसाची कामे, हा क्रम अशा रीतीने सभागृहे उभी राहण्यापूर्वीच मैलापूरच्या अंगवळणी पडला होता.

सभा म्हणजे काय ?

‘सभा’ हा शब्द मराठी वाचकाला व्याख्यानाची किंवा राजकीय सभेची आठवण करून देईल. चेन्नईत सभा म्हणजे वर्गणीदार सभासदांची कलासंस्था होय. ‘कचेरी’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. आपल्याकडे कचेरीत दाखले मिळतात, तमिळ माणूस कचेरीला जातो तो गाणे ऐकावयास. दरबार या मूळ अर्थापासून एक वाट कारकुनाकडे गेली आणि दुसरी गवयाकडे, असे दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजाश्रय ओसरला तेव्हा दक्षिणेतील कलावंत मद्रासकडे वळले. तेथील वकील, व्यापारी आणि सरकारी नोकर यांनी वर्गणी काढून सभा स्थापन केल्या. तिरुवल्लिकेणी भागातील श्री पार्थसारथी स्वामी सभा ही आज कार्यरत असलेल्या सभांपैकी सर्वांत जुनी मानली जाते. तिचा आरंभ १९०० च्या सुमाराचा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन मद्रासला भरले, त्याला जोडून अखिल भारतीय संगीत परिषद झाली आणि तिच्या ठरावातून १९२८ मध्ये म्युझिक अकादमीची स्थापना झाली. नाताळच्या सुटीत न्यायालये आणि कचेऱ्या (मराठी अर्थाने) बंद असत. त्यामुळे वार्षिक परिषदेसाठी डिसेंबरचा शेवट सोयीचा ठरला. हवा त्यामानाने थंड असते, देवाचा महिना असतो आणि नोकरदार मोकळा असतो. इतर सभांनीही हाच काळ निवडला. इंडियन फाइन आर्ट्‌स सोसायटी १९३० च्या दशकात आली, तमिळ इसै संगम १९४० च्या दशकात, कृष्ण गान सभा आणि नारद गान सभा १९५० च्या दशकात. म्युझिक अकादमीचे आजचे प्रशस्त सभागृह १९६२ मध्ये खुले झाले.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाशी या हंगामाची तुलना नेहमी केली जाते. दोन्ही डिसेंबरात होतात आणि दोन्हीकडे खाण्याची रेलचेल असते. तथापि एक मूलभूत भेद लक्षात घेतला पाहिजे. १९५३ पासून सुरू असलेल्या सवाईत सर्वांसाठी एकच व्यासपीठ आणि मोजके दिवस असतात. तेथे नवोदिताला स्थान मिळाले तर तो सन्मान असतो, पण अशी स्थाने बोटांवर मोजण्याइतकीच. चेन्नईत एकाच वेळी अनेक व्यासपीठे असतात आणि ती जवळजवळ महिनाभर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू राहतात. इतका वेळ भरावयाचा तर केवळ नामवंतांवर भागत नाही. स्थानिक तरुणांना जागा मिळते ती या गरजेतून. गुणांची कदर हा त्याचा एक भाग झाला, दिवसाचे लांबलचक वेळापत्रक हा दुसरा, आणि माझ्या मते दुसरा भाग अधिक बलवान आहे.

दिवसाची मांडणी

हे वेळापत्रक कसे असते ? सकाळी आठच्या सुमारास अकादमीत सप्रयोग व्याख्याने सुरू होतात. एखाद्या दुर्मिळ रागाचे लक्षण किंवा एखाद्या वाग्गेयकाराची हस्तलिखिते यांवर तेथे विद्वान आणि गायक एकत्र चर्चा करतात. दुपारी बाराच्या सुमारास तरुण कलावंतांच्या मैफली सुरू होतात आणि साधारण चारपर्यंत चालतात. त्यानंतर पुढच्या फळीचे कलावंत आणि सायंकाळी ज्येष्ठ, असा क्रम असतो. कार्यक्रमपत्रिकेत कलावंतांची विभागणी सब-ज्युनियर, ज्युनियर, सब-सीनियर, सीनियर अशी सरळ केलेली आढळते. सायंकाळच्या मैफलीला तिकीट लागते; दुपारच्या बहुतेक मैफली विनामूल्य असतात.

याला समांतर दुसरे वेळापत्रक कँटीनचे. मोठ्या सभा हंगामापुरते आवारात मांडव घालून नामांकित आचाऱ्यांकडे कँटीन सोपवतात. ‘अरुसुवै’ नटराजन, ज्ञानांबिका, ‘माउंटबॅटन’ मणी अय्यर, ‘मिंट’ पद्मनाभन ही नावे चेन्नईकर गायकांच्या नावांइतक्याच आदराने घेत आले आहेत. ‘अरुसुवै’ म्हणजे षड्रस. कोणत्या सभेत कोण गाणार, या प्रश्नाच्या पाठोपाठ कोणत्या सभेत कोण रांधणार, हा प्रश्न तेथे विचारला जातो आणि वृत्तपत्रेही दोन्ही बातम्या देतात. सकाळी पोंगल, इडली, वडे आणि डबरा-टंबलरमधली फिल्टर कॉफी. अकरा-साडेअकरापासून केळीच्या पानावरचे भोजन. तीननंतर पुन्हा ‘टिफिन’, म्हणजे अडै-अवियल, रवा डोसा, कोहळ्याचा काशी हलवा. (मुंबईत टिफिन म्हणजे डबा, चेन्नईत टिफिन म्हणजे भोजनाखेरीजचे खाणे.) कँटीनमध्ये जाण्यास मैफलीचे तिकीट लागत नाही, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्या मधल्या भोजनाला अलीकडे ‘ब्रंच’ म्हणतात आणि ते शहरी हॉटेलांचे नवे फॅड समजले जाते. मद्रासच्या जुन्या नोकरदार कुटुंबांत मात्र दिवसाची घडीच तशी होती. पहाटे कॉफी, नऊ-दहाच्या सुमारास कचेरीला निघण्यापूर्वी सांबार-रसम-ताकभाताचे पूर्ण जेवण, आणि दुपारी तीन-चारला टिफिन. मधे दुपारचे जेवण असे नव्हतेच. या घडीनुसार दुपारी बाराचा रसिक जेवून तृप्त झालेला असे आणि सभागृहात निवांत येऊन बसू शके. पुढे जीवनक्रम बदलला, सर्वत्र दुपारी जेवण्याची रीत रूढ झाली आणि कँटीनचे भोजनही ऐन दुपारी रंगू लागले. दुपारची मैफल मात्र आपल्या जागीच राहिली. परिणामी आज तरुण गायक ज्या घटकेला वर्णम् आरंभतो त्याच घटकेला शंभर पावलांवर पाने मांडली जात असतात.

बाराची मैफल

दुपारच्या या मैफलीचे चित्र पाहण्यासारखे असते. व्यासपीठावर गायक किंवा गायिका, वय सोळापासून पंचविशीपर्यंत कितीही. डावीकडे व्हायोलिन आणि उजवीकडे मृदंगम्, तेही समवयस्कच. मागे तंबोरा किंवा श्रुतिपेटी. समोर पहिल्या रांगेत गुरू, त्यामागे आईवडील, गुरुबंधू आणि गुरुभगिनी. मग मोकळ्या खुर्च्यांचा पट्टा आणि त्यात विखुरलेले काही वृद्ध रसिक. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती वही असते. कोणता राग, कोणती कृती, कोणाची रचना, हे ते टिपून घेतात. व्यासपीठावरील कलावंताला सर्वाधिक धास्ती या वहीवाल्यांची असते, असे म्हणतात ते खोटे नसावे.

आज रूढ असलेला कर्नाटक मैफलीचा आराखडा अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (१८९० ते १९६७) यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडविला असे मानले जाते. आरंभी वर्णम्, मग छोट्या-मोठ्या कृती, मध्यभागी मुख्य रचना, तिला जोडून तालवाद्यांचे ‘तनि आवर्तनम्’ आणि शेवटी हलक्याफुलक्या रचना. सायंकाळी अडीच-तीन तासांत विस्तारणारा हा आराखडा दुपारी दीड तासाच्या आसपास बसवावा लागतो. रागविस्ताराला मर्यादा येतात. एक आलाप चुकला तर तो सावरण्यास पुरेसा वेळ उरत नाही.

तनि आवर्तनम् सुरू झाले की श्रोते उठून कँटीनकडे जातात, हा चेन्नईतील जुना विनोद आहे आणि जुनी तक्रारही. मृदंगम्, घटम्, कंजिरा यांचे वादक आपली वर्षांची साधना ज्या दहा-पंधरा मिनिटांत मांडतात, नेमक्या त्याच वेळी खुर्च्यांचा आवाज होतो. मुख्य रचना संपलेली असते, लयीचे गणित सर्वांना उमगत नाही आणि कँटीनची रांग वाढण्यापूर्वी पोहोचावे असा व्यवहारी विचारही असतो. सायंकाळी ज्येष्ठ वादकाच्या वाट्याला हे आले तर वृत्तपत्रांत पत्रे छापून येतात. दुपारी सतरा वर्षांच्या मृदंगम्‌वादकाच्या वाट्याला येते तेव्हा कोणीही पत्र लिहीत नाही. त्याने ताल सोडावयाचा नसतो, इतकेच.

एवढ्यावरून भोजन हा गाण्याचा शत्रू आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. तिकिटाविना उघडे असलेले कँटीन सभागृहाच्या आवारात अशी माणसे आणते, जी एरवी अनोळखी नावाच्या मैफलीसाठी घरातून निघाली नसती. पोंगल खाऊन झाले, कॉफी झाली, सायंकाळपर्यंत वेळ आहे, दार उघडे आहे आणि आत वातानुकूलन आहे, एवढी कारणे आत शिरण्यास पुरतात. काहींना डुलकीही लागते. पण आत शिरलेल्यांपैकी एखादा जागा होतो, सावरून बसतो, शेवटी व्यासपीठामागे जाऊन नाव विचारतो आणि पुढल्या वर्षी नाव पाहून येतो. दुपारच्या कलावंताचा श्रोतृवर्ग असा एकेका माणसाने वाढतो. आज सायंकाळी गाणारे बहुतेक कलावंत कधी ना कधी या पायरीवरून वर आलेले आहेत. तरुणांनी केवळ सभांच्या कृपेवर राहू नये म्हणून काही तरुण गायक-वादकांनी १९८५ मध्ये ‘युथ असोसिएशन फॉर क्लासिकल म्युझिक’ ही संस्था स्थापन केली. विजय शिवा, संजय सुब्रह्मण्यन् यांच्या पिढीला तिचा मोठा आधार मिळाला.

एक ओळखीचा सूर

मराठी श्रोता या दुपारच्या मैफलीत चुकून जाऊन बसला, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याचे कान टवकारण्याचा संभव आहे. समारोपाच्या हलक्या रचनांत तुकोबांचा किंवा नामदेवांचा अभंग ऐकू येणे आता चेन्नईत नवलाचे राहिलेले नाही. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री भगिनी यांनी कर्नाटक मैफलीच्या शेवटी अभंग गाण्याची प्रथा लोकप्रिय केली आणि तरुणांनी ती उचलली. विठ्ठलाच्या नावाचा गजर सुरू झाला की दाराशी पोहोचलेली पावलेही थबकतात, हे तरुण गायकांनी बरोबर हेरले आहे.

या संबंधाची मुळे याहून जुनी आहेत. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले आणि भोसले घराण्याची सत्ता तेथे १८५५ पर्यंत टिकली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८ ते १८३२) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या ‘तंजावर चतुष्टया’ने नृत्याचा जो अभ्यासक्रम बांधला, तोच आजच्या भरतनाट्यमचा पाया आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांसारखे मराठी कीर्तनकार तंजावरला गेले. त्यांच्या कीर्तनावरून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ ‘कथाकालक्षेपम्’ला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तांची नावे त्या प्रकारात आजही जशीच्या तशी आहेत. सभांच्या आरंभीच्या काळात हे कालक्षेपम् गाण्याच्या मैफलीइतकीच गर्दी खेचत असे. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आले अशीही एक कथा सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही, तथापि कँटीनच्या रांगेत उभे असताना ती ऐकावयास बरी वाटते.

पैसा, प्रवेश आणि मान

दुपारच्या मैफलीतून कलावंताला काय मिळते ? पैशांच्या दृष्टीने फारच थोडे. अनेक ठिकाणी नाममात्र मानधन असते, काही ठिकाणी तेही नसते. साथीदारांचे पैसे, वाहन, पोशाख, छायाचित्रण हा खर्च बहुधा कुटुंब सोसते. काही लहान सभा संधी देण्याच्या बदल्यात देणगीची अपेक्षा ठेवतात, हा आरोप चेन्नईच्या संगीतवर्तुळात वर्षानुवर्षे उघडपणे केला जातो. परदेशस्थ भारतीयांची मुले डिसेंबरात येऊन दुपारच्या वेळा घेतात आणि त्यामुळे येथल्या मुलांची संधी हुकते, अशी जोडतक्रारही ऐकू येते. ती सर्वस्वी न्याय्य नाही, कारण त्या मुलांपैकी कित्येकजण गंभीरपणे शिकणारे असतात. पण ज्याच्या घरी देणगी देण्याची ऐपत नाही त्या स्थानिक विद्यार्थ्याला पायरीच सापडत नसेल, तर विनामूल्य मैफल नेमकी कोणासाठी विनामूल्य आहे, हा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०१५ मध्ये डिसेंबरच्या हंगामात यापुढे न गाण्याचा निर्णय जाहीर केला. सभांचे हे विश्व जातीच्या आणि वर्गाच्या मर्यादेत अडकले आहे, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी बेझंट नगरलगतच्या ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘विळा’, म्हणजे उत्सव, सुरू केला. तेथे कर्नाटक गायन आणि पारै वादनासारख्या लोककला एकाच व्यासपीठावर आल्या. कृष्णा यांना २०१६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये म्युझिक अकादमीने त्यांची ‘संगीत कलानिधी’ या सन्मानासाठी निवड केली तेव्हा काही कलावंतांनी जाहीर निषेध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्यांच्या प्रत्येक मताशी सहमत होण्याचे कारण नाही. परंतु सभेच्या कँटीनमध्ये दुपारी जमणाऱ्या पंगतीकडे एकदा नीट पाहिले, तर हे शहरातील सर्व वस्त्यांचे प्रतिनिधित्व आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

हंगामाबाहेरची एक सकाळ या संदर्भात उल्लेखनीय आहे. मैलापूरच्या नागेश्वर राव उद्यानात महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तासाभराची मैफल भरविण्याचा उपक्रम सुंदरम् फायनान्स या कंपनीच्या पाठबळाने रुजला. ध्वनिक्षेपक नाही, तिकीट नाही, आमंत्रण नाही. गाणारी मुले शाळकरी किंवा नुकतीच महाविद्यालयात गेलेली. श्रोते म्हणजे फिरावयास आलेले नागरिक. ज्याला आवडले तो बाकावर बसतो, ज्याला नाही तो दुसरी फेरी मारावयास जातो. ध्वनिक्षेपक नसल्याने आवाज कितीही कोवळा असला तरी तो स्वतःच्या बळावर पोहोचवावा लागतो. गुरूच्या घरातील खोली आणि सभेचे व्यासपीठ यांच्यामधली ही पायरी पूर्वी नव्हती. मैफल संपल्यावर मंडळी लूझ चौकाच्या आसपास इडली-पोंगल खाण्यास पांगतात, हे वेगळे सांगावयास नको.

रिकाम्या मांडवाचे वर्ष

गाणे आणि भोजन यांचे नाते किती घट्ट आहे, हे २०२० मध्ये ध्यानी आले. कोविड महासाथीमुळे त्या डिसेंबरात सभागृहे बंद राहिली आणि म्युझिक अकादमीसह अनेक संस्थांनी मैफली ध्वनिचित्रमुद्रित करून आंतरजालावर प्रसारित केल्या. त्यापूर्वी २०१५ च्या डिसेंबरात महापुराने शहर कोलमडले तेव्हाही हंगाम व्हावा की नाही यावर मोठा वाद झाला होता. काहींनी कार्यक्रम रद्द केले, काहींनी गाऊन मदतनिधी उभारला. पण मांडव, कँटीन, रांगा, गाठीभेटी यांपैकी काहीही नसलेला हंगाम शहराने २०२० मध्येच पाहिला. ज्येष्ठ कलावंतांना घरबसल्या जगभरचे श्रोते लाभले. दुपारच्या कलावंताचे नुकसान मात्र वेगळ्या प्रकारचे होते. पडद्यावर श्रोता ज्याचे नाव ठाऊक आहे त्यालाच शोधतो. कॉफी पिऊन सहज आत डोकावणारा, नाव न विचारता बसणारा माणूस पडद्यावर नसतो. आणि या मुलांची सारी भिस्त त्याच माणसावर असते.

पुढे सभागृहे उघडली, कँटीनही परतले. आंतरजालावरील प्रक्षेपण मात्र कायम राहिले. काही रसिक, विशेषतः वृद्ध, आता घरीच सायंकाळची मैफल पाहतात. मोठ्या शहरातील वाहतूक पाहता त्यांना दोष देता येत नाही. दिवसभर आवारात रेंगाळणारा, सकाळचे व्याख्यान, अकराचे पान आणि बाराचे गाणे असा क्रम पाळणारा रसिक त्यामुळे कमी होत जाईल का, ही चिंता सभांचे कार्यकर्ते व्यक्त करतात. नव्या कलावंताला आकाशवाणीची श्रेणी मिळविण्याचा मार्ग आहेच. ध्वनिचाचणी देऊन ‘बी’, ‘बी-हाय’, ‘ए’ आणि ‘ए-टॉप’ अशा पायऱ्या चढता येतात आणि सभाही निवड करताना ही श्रेणी पाहतात. परंतु श्रेणी परीक्षक देतात. भुकेल्या श्रोत्याला आणखी दहा मिनिटे खुर्चीत कसे धरून ठेवावे, हे तेथे शिकता येत नाही.

हंगामात चेन्नईला जाण्याचा योग आला तर नेहमीप्रमाणे सायंकाळची तिकिटे आधी काढावीत. दुपारच्या मैफलींसाठी तिकिटाची गरज बहुधा नसते. त्यांची वेळापत्रके सभांच्या पत्रिकांतून आणि ‘कचेरी बझ’ या हंगामी पत्रातून मिळतात. अनोळखी नावे पाहून पान उलटू नये. कँटीनला अकराच्या आत पोहोचल्यास रांग लहान असते, जेवण पाऊण तासात आटोपते आणि बाराला वर्णम् सुरू होण्यापूर्वी पुढच्या रांगेत जागा मिळते. तनि आवर्तनम् साधारण एकच्या सुमारास येते. त्या वेळी कँटीनमध्ये गर्दी असते, पायसम् मात्र संपत नाही.